विशूभाऊंच्या ट्रकचं बाळंतपण

विश्वेश्वर अग्निहोत्री ट्रक चालवतात, असं सांगितलं की ऐकणारा हसतो. मग त्यांना प्रत्यक्ष बघतो आणि जरा जास्त हसतो. शिडशिडीत बांधा, कपाळाला गंध, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि बोलणं इतकं हळू की आपणच बहिरे झालो की काय, अशी समोरच्याला शंका यावी. ते स्टिअरिंगमागे बसलेले दिसले की वाटतं, कोणीतरी देवघरातली समई चुकून रणगाड्यावर ठेवली आहे.

बनारसच्या रस्त्यावर शिवी ही शिवी नसते, स्वल्पविराम असतो. तो घेतल्याशिवाय इथे कोणाचं वाक्य पुढे सरकत नाही. विशूभाऊ मात्र आयुष्यभर स्वल्पविरामावाचून गाडी चालवत आले. दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याआधी आपण खाकरतो ना, तसा ते हॉर्न वाजवतात. त्यांना ई-रिक्षा मागे टाकतात, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली मागे टाकतात. एकदा एका वरातीने मागे टाकलं होतं, बँडसकट.

घराणं वेदपाठ्यांचं. मंगला गौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर घर, आणि वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. बँकेने मला नागपूरहून इथे फेकलं, तेव्हा मराठी बोलणारं घर म्हणून आम्ही इथे शिरलो आणि रुजलोच. विशूभाऊंचे थोरले बंधू काशीनाथ घाटावर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं सांगतात. विशूभाऊंनाही सगळं येतं. पण त्यांच्यात एक जन्मजात खोट होती. भीड. यजमानाचे गुडघे दुखताना दिसले की ते विधी आटोपता घ्यायचे. दोन यजमान एकदम आले, तर एकाला नाराज करायला नको म्हणून दोघांनाही दुसऱ्याकडे पाठवायचे. शास्त्रचर्चेला बसवलं तर प्रतिपक्षाचं म्हणणं त्यांना पहिल्या वाक्यातच पटायचं. शेवटी वडिलांनी विचारलं, "मग तू करणार तरी काय?" विशूभाऊ म्हणाले, "गाडी चालवीन म्हणतो." वडिलांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला, "सारथ्याला हरकत नाही. मोठमोठ्यांनी केलेलं आहे."

आमच्या गल्लीत सांडसुद्धा विचार करून वळतो, तेव्हा ट्रक येण्याचा प्रश्नच नाही. तो नदीपलीकडे पडाव नावाच्या वस्तीत राहतो, लल्लन मिस्त्रींच्या गॅरेजशेजारी.

लल्लन विश्वकर्मा हे विशूभाऊंचे मिस्त्री आणि जगातले एकमेव मित्र. विधात्याने आवाज वाटताना या दोघांचा वाटा एकत्र मोजला आणि सगळा लल्लनच्या पदरात टाकला. ते कुजबुजले तरी मोगलसरायच्या गाडीचा गार्ड शिट्टी थांबवून ऐकतो. गॅरेजवर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: 'लल्लन विश्वकर्मा, इंजन के डॉक्टर'. बोलायला लागले की पहिलं वाक्य हेच, "हमारा बाँधा इंजन और गंगाजी का पानी, कभी खराब नहीं होता." गंगेच्या पाण्याबद्दल हल्ली सरकारी अहवाल जरा वेगळं सांगतात. पण लल्लनसमोर ते कोणी वाचून दाखवलेले नाहीत.

दरवर्षी विश्वकर्मा पूजेला गॅरेजात मंत्र म्हणायला विशूभाऊच लागतात. आणि विशूभाऊंचे वडील गेले तेव्हा गंगेला पूर होता. बालाजी घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, गल्लीत चिखल. त्या चिखलात लल्लन सकाळपासून उभे होते. कोणाला वाट करून दे, कोणाला हात दे, आणि मधूनमधून स्वतःच हमसून रड. त्यांचं रडणं एवढं मोठं होतं, की लांबून आलेले लोक मुलगा समजून त्यांचंच सांत्वन करायचे. विशूभाऊ शेजारी उभे होते. त्यांनीही लल्लनचं सांत्वन केलं.

असे हे दोघं. आणि यांच्यामध्ये विस्तव न जायची वेळ आली ती इंजिन ऑइलमुळे.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्या ट्रकचा दम संपला. लल्लननी इंजिन सगळं सोडवलं. नवे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतो त्या नळ्या, नवे पिस्टन, पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा. या रिंगांचं काम डब्याच्या झाकणातल्या रबरासारखं. खालचं ऑइल खाली ठेवायचं आणि वर जिथे डिझेल जळतं तिथे जाऊ द्यायचं नाही. सगळं बांधून झालं, इंजिन सुरू झालं, आणि लल्लननी किल्ली हातात देताना भाषण केलं:

"पंडितजी, इंजन का नया जनम हुआ है. अभी जच्चा समझिए. जच्चा की तरह रखिएगा."

जच्चा म्हणजे बाळंतीण. हे वाक्य लल्लन प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, आणि प्रत्येक गिऱ्हाईक "हाँ हाँ" म्हणून त्याच संध्याकाळी टपापर्यंत विटा भरतं. लल्लनना तेही माहीत असतं. म्हणायचं म्हणून म्हणायचं. पण या वेळी ते वाक्य अग्निहोत्र्यांच्या घरात गेलं, आणि घरात विशूभाऊंच्या पत्नी शरदिनीवहिनी होत्या.

शरदिनीवहिनींचं माहेर ग्वाल्हेर. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलांना जगातला पहिला शेक त्यांच्या शेगडीवर मिळाला आहे. बाळंतपण या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. डॉक्टरीणबाईसुद्धा त्यांना विचारून औषध लिहितात. विशूभाऊंनी घरी येऊन लल्लनचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. वहिनींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"जच्चा म्हणाले?"

"हो."

"मग सव्वा महिना गाडीने जड उचलायचं नाही. बिलकुल नाही. आणि वारा लागू द्यायचा नाही."

"अगं, पण ट्रक..."

"ट्रक असो की कोणी असो. मी कच्च्या अंगाने उठलेल्या बायका बघितल्या आहेत. जन्मभर कंबर धरून बसतात. तुम्हाला गाडीची परवाह आहे की नाही?"

प्रतिपक्षाचं म्हणणं विशूभाऊंना नेहमीप्रमाणे पहिल्या वाक्यात पटलं.

दुसऱ्या दिवसापासून ट्रकच्या जाळीवर गोणपाट आलं. थंडीत रेडिएटरपुढे गोणपाट बरेच जण लावतात. पण हे कानाला फडकं बांधावं तसं घट्ट, वर गाठ मारलेलं होतं. सकाळी इंजिन सुरू करून ते नुसतंच मंद गुरगुरत ठेवायचं, विशूभाऊंची संध्या संपेपर्यंत. आणि माल? गिट्टी म्हणजे खडी नको, विटा नकोत, सिमेंट नको. विशूभाऊ शोधून शोधून हलका माल घेऊ लागले. रुईचे गठ्ठे. पत्रावळी. लाह्या. दहा हत्ती ओढेल असा ट्रक लाह्यांची पोती घेऊन जी.टी. रोडवरून बैलगाडीच्या चालीने जायचा. व्यापारी गिट्टीचा माल घेऊन आले की विशूभाऊ खालच्या आवाजात सांगायचे, "अभी तबियत ठीक नहीं है." व्यापारी त्यांच्याच तब्येतीची चौकशी करून परत जायचे.

सव्वा महिना झाला. वहिनी म्हणाल्या, म्हातारपणचं बाळंतपण आहे, अजून थोडं सांभाळा. होळी आली आणि गेली. आणि ट्रक धूर सोडायला लागला.

साधा काळा धूर नाही. निळसर, ऑइल जळाल्याचा. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची एक लांब पट्टी असते. सकाळी ती ओढून बघावी तर ऑइलची रेघ खाली गेलेली. वर भरावं, दोन दिवसांनी परत खाली. नव्याने बांधलेलं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं, आणि ते लल्लनने बांधलं होतं.

कोणताही सामान्य माणूस अशा वेळी गॅरेजात जाऊन दोन-चार स्वल्पविराम काढतो. विशूभाऊंना ते सुचलंसुद्धा नाही. त्यांना एकच गोष्ट दिसली. लल्लनला कळलं तर त्याला वाईट वाटेल.

मग त्यांनी जे केलं, त्याला वैद्यकशास्त्रात नाव नसेल. पेशंट डॉक्टरचं मन दुखू नये म्हणून आजार लपवू लागला. ऑइलचे डबे पडावला घ्यायचे सोडून ते रामनगरहून आणू लागले. गॅरेजपाशी पोचण्याआधी गाडी बाजूला घेऊन ऑइल पूर्ण भरायचे, खाली उतरून सायलेन्सरचं तोंड जुन्या पंच्याने पुसायचे, आणि मग गाडी इतक्या हळू आणायचे की धुराला बाहेर पडायचा उत्साहच राहू नये. लल्लननी विचारलं, "कैसी चल रही है?" की, "बहुत बढ़िया." पट्टी ओढून बघावं तर रेघ काठोकाठ. लल्लन खूश.

पुढे पुढे विशूभाऊ तिथे चहाला थांबेनासेच झाले. खोटं बोलताना त्यांच्या चष्म्यावर वाफ येते.

पण पडावच्या चौकात काही लपत नाही. गॅरेजसमोर मुरारी पंक्चरवाल्याचं बाकडं आहे, आणि त्या बाकड्याला प्रत्येक गाडीच्या पोटातलं माहीत असतं. मुरारीने विशूभाऊंना सायलेन्सर पुसताना बघितलं. संध्याकाळपर्यंत बातमी तयार होती: लल्लनने पंडितजींच्या गाडीत डुप्लिकेट रिंगा घातल्या. साध्याभोळ्या माणसाला लुटलं. पंडितजी देवमाणूस, म्हणून बोलत नाहीत. विशूभाऊंच्या गप्प राहण्यातूनच लल्लनवर आरोपपत्र तयार झालं होतं.

पलीकडच्या गॅरेजवाल्याने तर विशूभाऊंना सांगूनही पाहिलं, माझ्याकडे आणा, उघडून दाखवतो काय घातलंय ते. विशूभाऊ घरी येऊन जेवलेच नाहीत. "दुसऱ्याकडे इंजिन उघडायचं म्हणजे लल्लनला चौकात चोर म्हणायचं," ते वहिनींना म्हणाले. "त्यापेक्षा पिऊ दे गाडीला काय प्यायचं ते."

आणि एका रविवारी लल्लन घरी आले.

आम्ही खाली अंगणात पोहे खात बसलो होतो. गल्लीच्या तोंडापासूनच आवाज येत होता. दारात आले तेव्हा मात्र ते एकदम गप्प झाले, आणि लल्लन गप्प हे दृश्य आम्हाला कोणालाच सोसेना. वहिनींनी चहाचा कप पुढे केला. लल्लननी हात जोडले.

"नहीं भाभी. चाय नहीं पिएँगे."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. लल्लननी या घरात चहा नाकारला, असं कधी झालंच नव्हतं.

"पंडितजी," ते म्हणाले, आणि आवाज चक्क तुमच्या-आमच्यासारखा होता, "हमने आपको डुप्लीकेट रिंग दिया?"

"नाही नाही... नहीं लल्लन, कौन बोलता है..."

"पूरा पड़ाव बोलता है. आप नहीं बोलते. आप रामनगर से तेल लाते हैं, साइलेंसर पोंछते हैं, और हमसे बोलते हैं बहुत बढ़िया. गाली दे देते! चार आदमी के सामने जूता मार देते! ये पोंछ क्यों रहे थे?"

विशूभाऊंच्या चष्म्यावर वाफ आली. "तुम्हें बुरा लगता."

"तो अब अच्छा लग रहा है?" लल्लन गरजले. शेजारच्या देवळातली घंटा मला वाटतं आपोआप वाजली. "कल सुबह गाड़ी लाइए. चौक में, सबके सामने इंजन खोलेंगे. रिंग नकली निकला तो अपना बोर्ड अपने हाथ से उतार देंगे. और असली निकला, तो भी पंडितजी, आपकी गाड़ी आज के बाद हम नहीं छुएँगे."

ते निघून गेले. चहा तसाच राहिला. विशूभाऊंनी तो कप उचलून झाकून ठेवला. मग म्हणाले, "दोन्हीकडून गेलाच की हो माझा लल्लन."

वहिनींनी मला हुकूम सोडला, "तुम्ही उद्या बरोबर जा. बँकेतला माणूस समोर असला की लोक भांडताना जरा हिशेबाने भांडतात."

सकाळी पडावच्या चौकात रामलीलेसारखी गर्दी. मुरारीने बाकडं पुढे ओढून घेतलं होतं. लल्लन पाने घेऊन तयार. पण कितीही रागावला तरी डॉक्टर तो डॉक्टर. कापण्याआधी तपासल्याशिवाय त्यांना राहवेना. ट्रकखाली सरपटत गेले, बाहेर आले. "नीचे सूखा है. कहीं टपक नहीं रहा." मग ब्रेकसाठी कंप्रेसरने भरलेली हवा साठवायची टाकी असते, तिची खालची तोटी उघडली. फुस्स करून हवा आली, ऑइल नाही. "कंप्रेशर भी नहीं पी रहा. धुआँ कब मारता है पंडितजी? सुबह चालू करते समय, कि खींचते समय?"

"पता नहीं. हम पीछे नहीं देखते."

"क्यों?"

"शर्म आती है."

"दोनों समय मारता है," मुरारी बाकड्यावरून म्हणाला. "सबेरे थोड़ा, खींचने में बहुत."

लल्लननी इंजिन सुरू केलं आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून भक् भक् धूर आला. गर्दीने एकमेकांकडे बघितलं. वरची हवा रिंगांमधून खाली येत होती. म्हणजे दोष रिंगांतच, आणि त्या लल्लननीच बसवलेल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाही वर केली आणि सुटे भाग ठेवायला ट्रकच्या मागच्या हौद्यातली ताडपत्री ओढली.

ताडपत्रीबरोबर लाह्या आल्या. घडीघडीत साठलेल्या. डोक्यावर, खांद्यांवर, मिशीत. चौकाच्या मध्यभागी लल्लन विश्वकर्मा लग्नातल्या नवरदेवासारखे उभे, आणि अजून लाह्या पडतच होत्या.

"ये क्या है?"

"लाई," विशूभाऊ म्हणाले. "परसों लादी थी."

"उससे पहले क्या लादे थे?"

"पत्तल."

"उससे पहले?"

"रूई."

"गिट्टी?"

"नहीं."

"ईंटा? बालू? कुछ भी?"

विशूभाऊ खरोखरच दुखावले. "जच्चा से ईंटा उठवाएँ?"

लल्लन शेजारच्या टायरवर मटकन बसले. मिशीतली एक लाही गळून पडली. पाना हातातून सुटला. मग त्यांच्या पोटातून जे निघालं ते हसणं होतं की रडणं, हे गर्दीला ठरवता येईना.

"अरे पंडितजी! जच्चा तो बोलने की बात थी! चार दिन आराम से, फिर काम! सब गिराहक को बोलते हैं, आज तक किसी ने सुना? आपने सुन लिया!"

मग त्यांनी चौकाला समजावून सांगितलं, आणि मी माझ्या शब्दांत सांगतो. नवी रिंग आणि नवा लायनर हे नव्या संसारासारखे. ओझं पडलं, घासाघीस झाली, की एकमेकांना बसतात. इथे ओझंच नाही. दोघं समोरासमोर दोन लखनवी नवाबांसारखे, पहले आप, पहले आप, करत नुसते एकमेकांवरून घसरत राहिले. लायनर आतून काचेसारखा गुळगुळीत झाला. रिंगेला धरायला जागा नाही, आणि नवाबांच्या मधून ऑइल निवांत वर जाऊन जळतं आहे.

"कहानी बढ़िया है," मुरारी म्हणाला. "या फिर रिंग नकली है."

गर्दीला हाही मुद्दा पटला. लल्लन उठले. "ठीक. डाला से गिट्टी भरेंगे, मारकुंडी चढ़ाएँगे. महीना भर यही काम. तब भी धुआँ मारे तो इसी चौक में इंजन खुलेगा और बोर्ड उतरेगा. मंजूर?" आणि विशूभाऊंकडे न बघता म्हणाले, "साथ में हम जाएँगे. पंडितजी के भरोसे तो ये लाई ही ढोएगी."

पहिल्या फेरीच्या सकाळी वहिनी स्वतः नदी ओलांडून पडावला आल्या. बाळंतीण पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडताना करायचं ते सगळं त्यांनी केलं. रेडिएटरवरचं गोणपाट सोडलं, हळदकुंकू वाहिलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर नारळ-तांदळाने ओटी भरली. लल्लन हात जोडून उभे होते, पण बोलत नव्हते. त्या दिवशी चौकातल्या कोणीही थट्टा केली नाही. वहिनींच्या समोर करूनही दाखवावी! मग त्यांच्याच हुकमाने मलाही ट्रकमध्ये दोघांच्या मधे बसवण्यात आलं.

डाला हे गाव पार सोनभद्रात, खडी फोडायच्या यंत्रांचं. तिथून गिट्टी घेऊन बनारसला यायचं तर मारकुंडीचा घाट चढावाच लागतो. यंत्राखाली ट्रक उभा राहिला आणि गिट्टी कोसळायला लागली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबत गेले, ट्रक खाली बसत गेला, आणि विशूभाऊंचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा होत गेला.

घाटात त्यांनी अॅक्सिलरेटरवर पाय असा ठेवला, जणू खाली कोणा वडीलधाऱ्याचा पाय आहे.

"दबाइए!"

"इंजन चिल्ला रहा है," विशूभाऊ म्हणाले.

"चिल्लाने दीजिए! काम में सब चिल्लाता है! दबाइए पंडितजी, हमारी इज्जत के लिए दबाइए!"

विशूभाऊंनी डोळे मिटले. चालत्या ट्रकात ड्रायव्हरने डोळे मिटलेले बघणं हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. मग डोळे उघडून त्यांनी पाय पुरता दाबला. इंजिन गरजलं. मागे निळ्या धुराचा पडदा, पडद्यामागे अडकलेल्या गाड्या, आणि त्या गाड्यांमधून स्वल्पविरामांचा पाऊस. विशूभाऊ तोंडाने कसलंसं सूक्त पुटपुटत होते, लल्लन ओरडत होते, "और! और!" मधे दाबून बसलेला मी दोघांचंही ऐकत होतो. वर पोचलो तेव्हा सगळ्यात जास्त दमलेला ट्रक नव्हता.

धूर काही त्या दिवशी गेला नाही. लल्लननी उतरून सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला, त्यावर पडलेले डाग बघितले आणि रुमाल खिशात घातला. 

मग फेऱ्या सुरू झाल्या. रात्री भरून निघायचं, सकाळी माल उतरवायचा. चैत्र तापला. विशूभाऊंचा पाय हळूहळू धीट झाला. एकदा तर त्यांनी एका ट्रॅक्टरला मागे टाकलं आणि घरी येऊन आम्हा सगळ्यांना ते दोनदा सांगितलं. आणि धूर खरोखर विरळ होत चालला. झाकण उघडलं तरी भक् भक् येईना. ऑइलची रेघ आठवडाभर जागची हलेना. मुरारीने बाकडं मागे सरकवलं. लल्लनचा आवाज परत आला, गंगाजीचं वाक्य परत आलं. पण विशूभाऊंशी ते अजून कामापुरतंच बोलत. ट्रकमध्ये शेजारी बसून खिडकीबाहेर बघत.

मान्य केलेला महिना संपायला आला तेव्हा विशूभाऊंनी मला खाली बोलावलं. घसा दोनदा साफ केला.

"सकाळी सुरू करताना अजून धूर येतो," ते म्हणाले. "थोडासाच. मिनिटभर. मग जातो. कोणाला दिसतही नाही. लल्लन तर त्या वेळी आलेलाही नसतो."

 त्यांच्या मनात काय चाललं होतं ते समजायला वेदपाठी असायची गरज नव्हती. लल्लनचं नाव नुकतंच धुऊन निघालं होतं. चौकाने ते मान्य केलं होतं. आता पुन्हा तोंड उघडायचं म्हणजे मुरारीच्या हातात कोलीत. आणि गप्प बसायचं म्हणजे पुन्हा तेच, ज्यासाठी लल्लनने चहा नाकारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रक सुरूच केला नाही. लल्लन येऊन बसेपर्यंत, मुरारीचं बाकडं भरेपर्यंत थांबले. मग किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक ढेकर निघाला आणि सगळ्या चौकाला दिसला. विशूभाऊ खाली उतरले. चेहरा लाल, चष्मा धुक्यात.

"लल्लन," ते म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आवाज असावा, कारण पहिल्या रांगेतल्यांना ऐकू आला, "अभी भी पी रही है. थोड़ा. सबेरे. गिट्टी से ये नहीं गया. ये तुम्हारा कुछ है."

 लल्लननी हातातला ग्लास खाली ठेवला. उठले. विशूभाऊंच्या समोर येऊन उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं.

"फिर से बोलिए."

"ये तुम्हारा कुछ है," विशूभाऊ म्हणाले. आवाज चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

लल्लननी पाना उचलला. कोणाला काही कळायच्या आत इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. सकाळी सुरू करतानाच धूर म्हणजे रात्रभरात वरच्या अंगाने ऑइल झिरपतंय. व्हॉल्व्हपाशी रबराच्या छोट्या टोप्या असतात, त्या बघायच्या. बराच वेळ त्यांचं डोकं आत होतं. बाहेर आलं तेव्हा दोन बोटांत बोराएवढं एक काळं रबर होतं, एका बाजूने फाटलेलं.

मुरारी उठून उभा राहिला. पण त्याला काही बोलायची गरजच पडली नाही.

"देख लो सब!" लल्लन ते रबर डोक्यावर धरून गरजले. नदीपलीकडे राजघाटावर स्नान करणाऱ्यांनीही ऐकलं असणार. "ये लल्लन का काम है! लगाते समय फाड़ दिया, देखा नहीं! ये नकली नहीं था, असली था, हमने फाड़ा! लिख लो!"

आरोपीनेच इतका मोठ्याने कबुलीजबाब दिल्यावर फिर्यादी पक्ष काय करणार! पाटीचं नावही न काढता मुरारी परत बसला.

"होता है लल्लन," विशूभाऊ घाईघाईने म्हणाले. "चलता है, इतना तो..."

"नहीं चलता!" लल्लननी त्यांचे दोन्ही खांदे धरले. तेलकट हाताचे पंजे पांढऱ्या कुडत्यावर उमटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. "फिर शुरू हो गए? डाँटिए हमको! गिराहक हैं आप! सबके सामने डाँटिए!"

विशूभाऊंनी चौकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, एक बोट वर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला रागावले:

"लल्लन, तुम्हें... थोड़ा ध्यान देना चाहिए था."

"बस?" लल्लन ओरडले. "इतना ही? और दीजिए!"

विशूभाऊंनी मनातल्या मनात सगळे वेद धुंडाळले असावेत. कुठेही काही सापडेना. मग शेवटी ते मराठीत म्हणाले, अगदी हळू, पण ठाम:

"गाढव आहेस."

लल्लनना मराठी येत नाही. पण हे त्यांना कळलं. त्यांनी तोंडभर हसून चौकाकडे पाहिलं, जणू मोठं पदक मिळालं होतं, आणि नवी टोपी आणायला दुकानाकडे पळत सुटले.